अर्ध्या पौंडाचं भांडण

भावजी,

फोन वाजला आणि मी ‘हॅलो’ म्हटलं नाही. थेट आकडा सांगितला. “सात पूर्णांक पस्तीस. लिहून घ्या. आणि ह्या वेळी सुई कमी आली तर पट्ट्याला दोष देऊ नका, मीटर बदला.”

पलीकडे तुम्ही नव्हता. महादेव होता. गॅरेजात तुमच्या हाताखाली काम करणारा. तो म्हणाला, “वहिनीसाहेब, मालक गेलं.”

“कुठे गेले?” मी विचारलं.

हे मी खरंच विचारलं. मला वाटलं पुलीचं माप घ्यायला गेला असाल, नाहीतर कोपऱ्यावर चहाला. महादेव रडायला लागला तेव्हा मी पेनला टोपण लावलं, गॅस बंद केला आणि कागदाच्या समासात वेळ लिहिली. दहा पन्नास. का लिहिली ते मला आजही सांगता येत नाही. शाळेत तीस वर्षं उत्तरपत्रिका गोळा करताना वेळ लिहायची सवय होती, हात आपोआप तिकडे गेला असेल. तो कागद अजून टेबलावर आहे. आकड्याखाली दोन रेघा आहेत.

तुम्ही गेल्याची बातमी मला कळली, त्याआधी मी तुम्हाला जे शेवटचं वाक्य बोलले, ते मीटर बदला असं होतं. आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता. ह्या दोन गोष्टी मी चौदा दिवस शेजारी शेजारी ठेवून बघते आहे, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

सई आणि निनाद रोज टोरोंटोहून फोन करतात. “आजी, गॅरेजआजोबांना नक्की काय झालं?” हृदय बंद पडलं, एवढं सांगून मी गप्प होते. मग सई म्हणाली, बोलता येत नसेल तर लिही. म्हणून लिहिते आहे. पत्र तुम्हाला आहे, प्रत त्यांना जाईल. त्यांना कळावं म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टीही मांडून सांगणार आहे. मध्येच “व्हय व्हय, पुढं बोला” म्हणू नका.

त्या मंगळवारी सव्वादहाला तुमचा फोन आला. “ओ वहिनी, मलकापूरच्या डॉक्टरांच्या गाडीची नवी पुली कातून बसवलीया. किती येईल बघा की.”

“चहा ठेवलाय. पिऊन सांगते.”

“प्या की निवांत. तुमचा आकडा आल्याशिवाय किल्ली फिरवत न्हाय, ठाऊक हाय न्हवं?”

एवढंच. आवाजात काही नव्हतं. मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. श्वास लागत होता का, थकवा होता का. नव्हता. तुम्ही खूश होता, कारण पुली तुम्ही स्वतः लेथवर कातली होती. हल्ली ते काम तुम्ही महादेववर सोडत होता. मी चहा गाळला, दोन बिस्किटं घेतली, गणित मांडलं, पडताळून पाहिलं. पस्तीस मिनिटं लागली. तुम्ही तेवढा वेळ स्टुलावर बसून माझ्या आकड्याची वाट पाहत होता. महादेव सांगतो, “मालकांनी भिंतीवर ओळ लिवली, म्हणलं वैनीचा फोन येतोय आता. म्या पाना घ्यायला वळलो. परत फिरलो तर मान खाली. खडू हातातच हुता.”

मी चहा नंतर प्यायले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी मला पाणी दिलं.

मुलांसाठी थोडं सांगते. इंजिन स्वतःच्या श्वासानं जेवढी हवा ओढतं, तेवढंच पेट्रोल जाळू शकतं. जास्त ताकद हवी तर त्याच्या नाकातोंडात हवा दाबून भरावी लागते. हे काम करणारा पंखा म्हणजे सुपरचार्जर. गॅरेजमधले लोक त्याला ब्लोअर म्हणतात. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, आणि किती वेगानं फिरेल ते पुलीच्या मापावर ठरतं. पुली लहान केली की ब्लोअर जोरात फिरतो, हवा जास्त दाबली जाते. ती बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाबली गेली, ते पौंडांत मोजतात. हा दाब आधी कागदावर काढायचा आणि मग गाडी चालवून मीटरच्या सुईवर बघायचा.

गॅरेजआजोबा आधी कागद वापरत नसत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी नुसत्या नजरेनं पुली बसवली आणि एका भल्या माणसाच्या इंजिनाचं पिस्टन वितळून त्याला आरपार भोक पडलं. ते पिस्टन पिशवीत घालून ते माझ्याकडे आले. का आले ते त्यांनाच ठाऊक. मी म्हटलं, “आधी अंदाज काढायला काय झालं होतं?”

“कोण काढणार? तुम्ही?”

“आणा माप.”

तेव्हापासून नियम झाला. मूळ पिस्टन असलेल्या इंजिनावर सात पौंडांच्या वर जायचं नाही, आणि वहिनीचा आकडा भिंतीवर लिहिल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. ते भोक पडलेलं पिस्टन माझ्या टेबलावर आहे. त्यात मी पेन ठेवते. बारीक पेन्सिल ठेवली तर खालून बाहेर येते.

तर भिंतीवर दोन रकाने. एक ‘वहिनी’, एक ‘सुई’. आणि बारा वर्षं, भावजी, तुमची सुई माझ्या आकड्याच्या खाली. कधी पाव पौंड, कधी अर्धा, पण खालीच.

“वहिनी, अर्धा पौंड कमी आला बघा.”

“मग पट्टा घसरतोय.”

“पट्टा न्हाय घसरत. घट्ट हाय.”

“मग मीटर खोटं आहे.”

“सुई कशाला खोटं बोलंल? तिला काय तुमच्याशी वैर हाय?”

“नवीन मीटर आणा.”

तुम्ही आणलंत. एकदा नव्हे, तीनदा. तिसरं आणलंत तेव्हा म्हणालात, “येऊन बघा की एकदा डोळ्यांनी. गाडीत बसा, सुई दाखवतो.” मी म्हटलं, मला बघायची गरज नाही, माझं गणित बरोबर आहे. तुम्ही हसलात. मला ते हसणं आवडलं नव्हतं. शिकलेल्या बाईला गॅरेजवाला हसतो, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगते.

तुमचे दादा गेले तेव्हा मी बोलणं बंद केलं होतं. दिवस झाले, पाहुणे पांगले, मी खुर्चीत बसून असायची. सगळे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. तुम्ही आला नाहीत, म्हणून मला रागही आला होता. मग एका सकाळी सव्वादहाला फोन. “वहिनी, एक गणित हाय. अडलंय.” मी म्हटलं, माझं चित्त नाही. तुम्ही म्हणालात, “चित्त कशाला पायजे, आकडा पायजे. गिऱ्हाईक उभं हाय.” मी उठले, कागद शोधला. कितीतरी दिवसांनी माझा आवाज मला ऐकू आला, आणि तो म्हणत होता, पट्टा घसरतोय.

त्या दिवशी गिऱ्हाईक खरंच उभं होतं का? विचारायचं राहून गेलं.

काल गॅरेज उघडलं. मी गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या बोळात मी आधी चार-पाच वेळाच आले असेन, तेही दसऱ्याला पूजेपुरती. तुमचा स्टूल जागच्या जागी होता. कुणी हलवला नव्हता, कुणी बसतही नव्हतं. मलकापूरचे डॉक्टर आले होते. हे जनावरांचे डॉक्टर, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर फिरतात, सोळाशे सीसीच्या जुन्या गाडीवर त्यांचा जीव आहे. गाडी दोन आठवडे अडकून पडली होती, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही.

भिंतीवर तुमच्या हातची शेवटची ओळ होती. ‘मलकापूर, नवी पुली.’ पुढचे दोन्ही रकाने कोरे.

महादेवनं खडू पुढं केला. “तुमी लिवा, वहिनीसाहेब. मालकांचा नियम मोडायचा न्हाय.”

मी लिहिलं. ७.३५. शाळेत फळ्यावर लिहायची तसं, सुवाच्य.

महादेव भिंतीकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि पेटीतून पाना काढला.

“काय करतोस?”

“सातच्या वर गेलं की वो. पुली काढाय पायजे. मोठी बसवतो.”

तोवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भावजी, मी शपथेवर सांगते, चौदा दिवसांत नव्हतं आलं. माझा आकडा खरा तर तुमची पुली भंगारात. तुमच्या हातची शेवटची वस्तू. मी वाकून पाहिली. काय चकचकीत कातली आहे. कडेला बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही.

मनात आलं, पुसावं आणि सहा लिहावं. कुणाला कळणार होतं? पण मग पुढे आंबा घाटात ह्या गृहस्थाचं पिस्टन वितळलं असतं तर? तुम्ही आणि मी बारा वर्षं भांडलो ते आकडा खरा असावा म्हणून. तुम्ही गेलात म्हणून तो खोटा लिहायचा? मी पुसलं नाही. म्हटलं, “काढ.”

आणि डॉक्टर म्हणाले, “थांबा जरा. बाई, ती वरची ओळ वाचलीत का?”

मी चष्मा बदलला. दोन वर्षांपूर्वीची ओळ. त्याच गाडीची, आधीच्या पुलीची. ‘वहिनी ५.८८. सुई ५.५०.’ आणि त्याच्या खाली, तुमच्या तिरक्या अक्षरात, आणखी एक सुई. ५.९०. पुढे लिहिलं होतं, रत्नागिरी.

“हे काय?”

“मला घेऊन गेले होते,” डॉक्टर म्हणाले. “म्हणाले, एक शंका हाय, घाट उतरून बघूया. आम्ही खाली उतरलो. समुद्राकडच्या रस्त्यावर गाडी दाबली, तर सुई वर. तुमच्या आकड्यावर जाऊन बसली. त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले आणि एकटेच हसत सुटले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, वहिनी हितं बरोबर हाय.”

मी तुमच्या स्टुलावर बसले.

मग घरून आणलेला तो कागद पिशवीतून काढला आणि पहिल्यापासून तपासला. सोळाशेचं इंजिन एक श्वास दोन फेऱ्यांत घेतं, तोही पुरता नाही, म्हणून एका फेऱ्याला सहाशे ऐंशी सीसी हवा घेतं, ब्लोअर तेवढ्यात एक हजार वीस सीसी पुरवतो. म्हणजे दीडपट. इथवर चूक नाही. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा निम्मा दाब जास्त. बाहेरच्या हवेचा दाब चौदा पूर्णांक सात पौंड, त्याचा निम्मा सात पस्तीस. चौदा पूर्णांक सात. हा आकडा मी कॉलेजात इंग्रजी पुस्तकातून पाठ केला होता, तीस वर्षं मुलींकडून पाठ करून घेतला होता. त्याच्या आधी एक शब्द असतो, तोही पाठ करून घेतला होता. समुद्रसपाटीला.

कोल्हापूर समुद्रसपाटीला नाही. अठराशे फुटांवर आहे. इथली हवा पाऊण-एक पौंडानं हलकी आहे.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, हे मी दर वर्षी शिकवलं. उदाहरण महाबळेश्वरचं द्यायची, तिथे भात शिजायला वेळ लागतो म्हणून. कोल्हापूरचं कधी दिलं नाही. आपण सगळेच रोज म्हणतो, कोकणात उतरतो, खाली जातो. पण उतरतो म्हणजे आपण वर आहोत, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मला तर माफीच नाही, कारण मी रत्नागिरीचीच. लग्नानंतर घाट चढताना माझे कान दडले होते. जीप तुम्ही चालवत होता, एकोणीस वर्षांचे, नवीन लायसन्सवाले. नव्या नवरीला आरशात बघून म्हणालात, “वहिनी, जांभई द्या मोठी. कान सुटतील.” सगळ्या वऱ्हाडासमोर मी जांभई दिली होती.

कानाला कळलं होतं. डोक्याला कळायला कालचा दिवस उजाडला.

“मग त्यांनी मला सांगितलं का नाही?” मी डॉक्टरांना विचारलं. माझा आवाज चढला होता. “दोन वर्षं! दोन वर्षं मी मीटर बदला म्हणते आहे!”

डॉक्टर जरा अवघडले. “मी म्हटलं होतं, लावा फोन आत्ताच्या आत्ता. तर म्हणाले, ‘कशाला? गणित कुठं चुकलंय त्यांचं? आपलं गाव उंचावर हाय, त्याला वहिनी काय करणार!’”

महादेव हसला आणि लगेच तोंड पुसायला लागला.

भावजी, मला तुमचा संताप आला आहे, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. सांगायला हवं होतंत. मी चिडले असते, दोन दिवस फोन उचलला नसता, तिसऱ्या दिवशी उचलला असता. मला चुकण्याची सवय नाही हे खरं, पण ती लागली असती. आता तुमचं बरोबर होतं हे म्हणायचं तर म्हणू कुणाला? भिंतीला?

भिंतीलाच म्हटलं. उठले, फडकं घेतलं, ७.३५ पुसलं. इथल्या हवेचा दाब तेरा पूर्णांक सात धरला. निम्मा केला. लिहिलं, ६.८५. महादेवनं पाना पेटीत ठेवला.

“सुई बघायला येणार का?” डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, येते.

पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावला. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, आणि ब्लोअरचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज आला, जो मी बारा वर्षं फक्त फोनवरून ऐकला होता. तुमच्या बोलण्याच्या मागे तो असायचा. तो आवाज ऐकून मी इतकी दचकले की डॉक्टरांनी गाडी थांबवली. कारण आवाज होता, पण त्याच्या पुढे तुमचं बोलणं नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, चला.

रत्नागिरी रस्त्याला लागल्यावर, मोकळ्या चढाला त्यांनी पाय दाबला. मी सुईकडे बघत होते. केवढीशी असते ती. आपण बारा वर्षं त्या काडीवरून भांडलो. चार, पाच, सहा. साडेसहा. सातच्या रेघेच्या जराशी अलीकडे गेली आणि तिथे थांबली. थरथरत होती, पण रेघ ओलांडली नाही.

“किती म्हणायचं, बाई?”

“सहा पंच्याऐंशी.”

पुली राहिली, भावजी. तुमच्या हातची पुली गाडीवर आहे आणि ती मलकापूरला गेली.

जाताना मी डॉक्टरांना गाडीच्या खिडकीशी थांबवून सांगितलं, “घाट उतरलात तर पाय हलका ठेवा. खाली सात पस्तीस येईल. तिथे माझा आकडा लागू.” ते म्हणाले, “व्हय बाई. आता भिंतीवर दोन्ही लिहून ठेवायला लागतील.” महादेवनं लिहिले आहेत. ‘वहिनी’च्या रकान्यात, एकाखाली एक. हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझं उत्तरही तयार आहे. पण ते फोनवर द्यायचं उत्तर आहे. कागदावर उतरत नाही.

सई, निनाद, गॅरेजआजोबांना काय झालं ते हे असं. ते एका आकड्याची वाट बघत होते, आणि मी चुकीचा आकडा घेऊन उशिरा पोचले.

आज सकाळी सव्वादहाला मी फोनजवळ बसले होते. वाजणार नाही हे माहीत होतं, तरी बसले. चहा मात्र आधीच उरकून घेतला होता. जुना कागद समोर होता. सात पस्तीसवर एक सरळ रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, समासात वेळ लिहिली.

चहा झाला माझा. सहा पंच्याऐंशी, भावजी. सुरू करा.